आजचा कचरा: एक बोकड

हिंगोलीच्या दवाखान्यात रुजू झालो, त्या पहिल्याच सकाळी आमच्या विभागाच्या दारात एक म्हातारबा बसले होते. दुर्बिणीच्या तपासणीसाठी आदल्या रात्रीपासून उपाशी. मला पाहून ते उठले, दाराशेजारच्या फळ्याकडं बोट केलं आणि अदबीनं विचारलं, "साहेब, हे किती वाजता वाढणार हायत?"

फळ्यावर खडूनं, शाळेतल्या बाईंच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'आजचा कचरा: एक बोकड'. पहिले दोन शब्द म्हातारबांच्या भुकेनं गाळून टाकले होते. मी सगळे शब्द वाचले आणि मला त्यांच्याहूनही कमी कळलं.

"ते जेवण न्हाई, बाबा," आतून आवाज आला. "केर हाय तो. कालचा."

आवाजामागून ताई बाहेर आल्या. बुटक्या, रुंद, केस करकचून बांधलेले, खिशात चार पेनं. माझ्या गळ्यात जिथं स्टेथोस्कोप होता, तिथं त्यांच्या गळ्यात हुकाचा एक लटकता काटा होता. बाजारात मासे तोलायला असतो तसला. त्या आमच्या विभागाच्या प्रमुख परिचारिका. दवाखान्यातले सगळे त्यांना मोठ्या ताई म्हणायचे, त्यांच्याहून वयानं मोठे असलेलेसुद्धा.

"तुमी नवे सर का?" त्यांनी मला खालपासून वर न्याहाळलं. "हात धुतले?"

"घरून धुऊनच निघालो."

"घरचे घरी. हितं पुन्हा धुवा. पण नळ सोडून गप्पा मारत उभे ऱ्हाऊ नका."

मी पुण्यात शिकून आलेला पोटाचा आणि यकृताचा डॉक्टर. एका वर्षासाठी म्हणून आलो होतो, आणि हिंगोलीवर आपण उपकार करत आहोत अशी माझी प्रामाणिक समजूत होती. ती दुपारी तीनपर्यंत टिकली. तीन वाजता ताईंनी विभागातल्या कचऱ्याच्या तोंडं बांधलेल्या पिशव्या, पिवळ्या वेगळ्या, लाल वेगळ्या, एकेक करून काट्याला लटकवल्या. मनातल्या मनात बेरीज केली, फळा पुसला आणि लिहिलं, 'आजचा कचरा: एक बोकड आणि नव्या सरांची एक कोंबडी'.

माझ्या बाजूला सकाळपासूनच एक स्वतंत्र पिशवी टांगलेली होती, हे मला तेव्हा कळलं. पुण्याच्या सवयीनं मी फाईल धरायला हातमोजे घालत होतो, फोन आला की ते काढत होतो, फोन ठेवला की नवे घालत होतो. बाहेर बसलेल्या चाळीस माणसांनी फळा वाचला. एका आजीनं मला जाताना विचारलं, "कोंबडी तुमची व्हय?"

"किलोत लिहायला काय हरकत आहे, सिस्टर?" मी चिडून म्हणालो.

"किलो कोणाला दिसतं का, सर? बोकड डोळ्याला दिसतो. सफाईच्या मावशी घरी जाताना म्हणतात, आज आपुन अख्खा बोकड फेकून दिला. त्यान्ला ते लागतं. बारा किलो म्हणल्यावर कोणाला काय लागणार?"

ताई पुसेगावकडच्या एका बंजारा तांड्यावरच्या. त्यांच्या घराण्यात तांड्याबाहेर शिकायला गेलेल्या त्या पहिल्या. पणज्याच्या काळात त्यांची माणसं बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथा घालायची, आणि त्या बैलांचा दाखला द्यायला ताईंना कुठलंही निमित्त चालायचं. सलाईनची बाटली असो, कापसाचं बंडल असो, चकचकीत कागदावरचा रंगीत रिपोर्ट असो. "बैल म्हणत न्हाई, सर, की लई झालं म्हणून. तो चालतच ऱ्हातो, आन् एक दिवस मटकन बसतो. आपुनच समजावं लागतं." मग खिडकीतून बाहेर हात करायच्या, म्हणजे बैल तिकडं आहे. खिडकीबाहेर बसस्थानकाचा रस्ता होता, दोन टपऱ्या होत्या आणि ऊन होतं.

त्या कंजूष होत्या असं कोणाला वाटेल, तर तसं नाही. दुर्बीण धुण्याच्या बाबतीत त्यांच्याइतका उधळा माणूस मी पाहिला नाही. प्रत्येक नळीतून ब्रश फिरलाच पाहिजे, औषधात ठरलेली मिनिटं बुडालीच पाहिजे. एक मिनिट कमी पडलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून, मग बाहेर खुद्द दवाखान्याच्या अध्यक्षांचे व्याही उपाशी बसलेले का असेनात. एका माणसाचा हातमोजा दुसऱ्याला लावायचा विचार जरी कोणी बोलून दाखवला, तरी त्या दोन दिवस त्याच्याशी बोलत नसत. "जे लागतं ते लागतं," हे त्यांचं एक वाक्य. आणि दुसरं, "लागतं का पण?" त्यांची सगळी नोकरी या दोन वाक्यांच्या मध्ये झाली.

आता ती पंगत सांगायलाच हवी.

लग्नसराईचे दिवस होते. सकाळी आठच्या सुमारास दोन टेम्पो आणि एक ट्रॅक्टर भरून एक अख्खं वऱ्हाड आमच्या आवारात उतरलं. आदल्या दिवशीच्या बासुंदीनं दगा दिला होता. साठेक माणसं पोट धरून, आणि सगळ्यांची एकच मागणी, सलाईन लावा. आमच्याकडं सलाईन म्हणजे नुसतं औषध नाही, तो मान आहे. ज्याला सलाईन लागली तो खरा आजारी, बाकीचे नुसते कण्हणारे.

मी भराभर चिठ्ठ्या लिहायला घेतल्या. ताईंनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. आज ते आठवलं की गंमत वाटते, तेव्हा वाटली नव्हती.

"सर, एकेकाचे डोळे बगू, जीभ बगू. ज्याला लागतं त्याला लावू. बाकीच्यान्ला तोंड हाय ना?"

आम्ही दोघांनी मिळून साठजण तपासले. तिघांचे डोळे खोल गेले होते, त्यांच्या उलट्या थांबत नव्हत्या. त्यांना आत नेऊन ताबडतोब सलाईन लावली. उरलेल्यांना ताईंनी आवारातल्या कडुलिंबाखाली चटयांवर ओळीनं बसवलं. स्वयंपाकघरातून मोठं पातेलं आलं, त्यात जलसंजीवनीच्या पुड्या, उकळून गार केलेलं पाणी. स्टीलचे पेले वाटले. आणि ताई पदर खोचून, म्हणजे गणवेशाला पदर नसतो, पण खोचल्याच्या आविर्भावात, वाढायला उठल्या.

"घ्या मामा, अजून एक. लाजू नका."

"पोट भरलं, ताई."

"असं कसं भरलं? नवरीकडच्यांनी तीन तीन घेतले. तुमची नवरदेवाकडची मंडळी, तुमी मागं ऱ्हाता का?"

मग चुरस लागली. नवरदेवाकडचे एका दमात पेले रिकामे करू लागले. एक काका उठून म्हणाले की आमच्याकडं कमी वाढलंय. ताईंनी त्यांना एकेक घोट घेत प्यायला बसवलं, नाहीतर सगळं परत येईल म्हणून. नवरदेव मुंडावळ्यांसकट पहिल्या ओळीत होता. त्याला ताई दर वेळी सगळ्यांत आधी वाढत होत्या आणि नवरीकडच्या आज्या उखाणा घ्यायला लावत होत्या. त्यानं पाचव्या पेल्याला घेतला. दुपारी एकपर्यंत निम्मं वऱ्हाड चटईवर घोरत होतं आणि उरलेलं निम्मं पत्ते खेळत होतं. त्या दिवशी फळ्यावर वऱ्हाडाच्या नावापुढं एक कोंबडीसुद्धा चढली नाही. 'आजचा कचरा: एक बोकड आणि वऱ्हाडाचं एक पिल्लू'.

तरीही मी ताईंच्या विरोधात तक्रार केली. ती हकीकत माझ्यासाठी फारशी शोभेची नाही.

सोमवारी आमच्याकडं सगळ्यांत जास्त गर्दी. छातीत जळजळ, पोटात गॅस, आंबट ढेकर, असं ज्याला ज्याला होतं त्याच्या चिठ्ठीवर मी दुर्बीण लिहायचो. शहरात मला तशीच सवय लागली होती. आला की आत बघायचं. एका सोमवारी दहा वाजले तरी आत कोणी येईना. बाहेर डोकावलो तर ताई रांगेपुढं उभ्या राहून एकेकाला विचारत होत्या. "गिळताना अडकतं का? उलटीत रगत? परसाकडं डांबरावानी काळं? वजन आपोआप उतरलं?" ज्याचं एक जरी उत्तर व्हय आलं, त्याला पुढं. ज्यांची सगळी न्हाई आली, त्यातल्या वयस्करांनाही पुढं. आणि राहिलेले तरणेताठे चौदाजण, हातात एकेक चिठ्ठी देऊन परत माझ्याकडं. प्रत्येक चिठ्ठीवर एकच ओळ: 'सर, लागतं का?'

चौदातला पहिला हट्टा गावचा एक तरुण होता. त्याच्या प्लास्टिकच्या फाईलमध्ये तीन शहरांतले तीन दुर्बिणीचे रिपोर्ट होते, तिन्ही चांगले. ताईंनी ते रंगीत फोटो माझ्या टेबलावर ओळीनं मांडले.

"तीन फोटू, एकच जठर," त्या म्हणाल्या. "चौथा काहून काढायचा? लग्नाचा अल्बम हाय का हा?" मग त्याच्याकडं वळून, "दादा, दिवसातून चहा किती?"

"मोजला न्हाई, ताई. आपली चहाची टपरीच हाय."

"आन् पुडी?"

त्याच्या खालच्या ओठातून तंबाखूची पुडी स्वतःच उत्तर देत होती.

"सिस्टर," मी आवाज चढवला, "कोणाला दुर्बीण लागते ते ठरवणारा मी आहे."

"व्हय, तुमीच ठरवा. मी निस्तं इचारून राहिले. एकदा घातली की धुवायला कळशा कळशा पाणी, औषध, हातमोजे, पिशव्या. जरूर असली तर दिवसातून वीसदा करू, मी थकले म्हणणार न्हाई. पण ह्या दादाला जरूर कुठं हाय?"

मी तिरमिरत उठलो, पांढऱ्याशुभ्र कागदावर दोन परिच्छेदांचा तक्रारअर्ज लिहिला आणि दवाखान्याच्या अध्यक्षांकडं नेऊन दिला. अध्यक्ष म्हणजे कापडाचे जुने व्यापारी, गोड बोलणारे, सदैव इस्त्रीतले. त्यांनी अर्ज न वाचताच खणात ठेवला.

"ताईंबद्दल ना? तुमच्या आधीच्या तिघा डॉक्टरांनी दिला होता, सर. तिघंही महिन्याभरात परत मागायला आले. तुमचाही सांभाळून ठेवतो."

मी परत येऊन त्या चौदा जणांना नीट तपासलं. रागानं तपासलं, ताईंची चूक सापडावी म्हणून. बारा जणांना खरंच दुर्बिणीची गरज नव्हती. गोळ्या, चहा-पुडी कमी, रात्रीचं जेवण लवकर, एवढ्यावर भागणार होतं. तेराव्याला मला पित्ताच्या खड्यांची शंका आली, म्हणजे त्यालाही दुर्बीण नको, सोनोग्राफी हवी होती. चौदावी एक बाई होती, पस्तिशीची. वजन उतरलं का या प्रश्नाला तिनं न्हाई म्हटलं होतं. मी नाडी बघायला तिचा हात वर केला आणि तिच्या बांगड्या घरंगळत थेट कोपरापर्यंत गेल्या. तिला तेव्हाच दुर्बिणीसाठी घेतलं. जठरात मोठा व्रण निघाला, अजून काही दिवसांत फुटला असता असा.

दुसऱ्या दिवशी ताई माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. हात मागं बांधलेले.

"सर, माझा सवाल चुकला. जी बाई जन्मात काट्यावर उभी राहिली न्हाई, तिला वजन काय म्हणून इचारलं मी? आजपासून इचारीन, बांगड्या कोपराकडं चालल्या का." थोडं थांबून म्हणाल्या, "आन् गड्यान्ला, पट्ट्याला नवं भोक पाडलं का."

त्या गेल्यावर मी तडक अध्यक्षांकडं निघालो, अर्ज परत घ्यायला. उशीर झाला होता. ताई दर आठवड्याला अख्ख्या दवाखान्यातले पाठकोरे कागद गोळा करत, आणि अध्यक्षांनी आपला खण त्यांच्यासमोर मोकळा केला होता. माझा अर्ज मला पंधरा दिवसांनी भेटला. यकृताचा एक रुग्ण तपासणीला आला, त्यानं घडी उलगडून माझ्यापुढं ठेवली. एका बाजूला ताईंच्या अक्षरात, 'मीठ कमी. ताक चालेल. दारूचा थेंब नाही.' दुसऱ्या बाजूला माझा तक्रारअर्ज, सहीसकट.

"सर," तो आपुलकीनं म्हणाला, "ह्या बाजूचं मी वाचलं. तुमच्या तक्रारीचं पुढं काय झालं?"

मी म्हणालो, निकाल माझ्या विरोधात लागला.

त्यानंतर आमचं जमलं, ते इतकं की एका वर्षासाठी आलेला मी अजून इथंच आहे. ताईंच्या डोक्यात नवीन काहीतरी शिजत असायचंच. यकृताच्या रुग्णांच्या पोटात पाणी साठतं, ते वाढतंय का हे बघायला माणसं पन्नास पन्नास किलोमीटरवरून जीप करून यायची, मी पोटावर हात ठेवायचो, ठीक आहे म्हणायचो, की माणसं परत. ताईंनी त्यावर करदोड्याची युक्ती काढली. गड्याच्या कमरेचा काळा करदोडा बेंबीवर सैल बांधायचा, दोन बोटं आत जातील इतका. रोज सकाळी बोटं घालून बघायची. बोटं अडली की फोन करायचा, त्याच दिवशी निघायचं. आठवड्यातून दोनदा ताई फोनवर बसायच्या. "करदोडा काय म्हणतो? दोन बोटं? मंग घरीच ऱ्हा. एक बोट? जीप बघा, आत्ताच्या आत्ता."

आणि ज्यांचं रक्त तपासावंच लागे, त्यांच्यासाठी आम्ही गुरुवारी एसटीनं नरसी नामदेवला जाऊ लागलो. वीस माणसांनी वीस वाटांनी हिंगोलीला येण्यापेक्षा दोघांनी तिकडं गेलेलं बरं, हा ताईंचा हिशोब. मंदिराच्या रस्त्यावरच्या प्रसादाच्या दुकानदारानं आम्हांला बाकडं दिलं होतं. एका बाजूला नारळ, एका बाजूला मी. येताना रक्ताच्या नळ्यांचा बर्फाचा डबा माझ्या मांडीवर. एकदा शेजारच्या बाईंनी विचारलं, "कुल्फी हाय का, दादा?" मी खरं ते सांगितलं. त्या पुढच्याच थांब्यावर उतरल्या. त्यांचं गाव तेच होतं असं ताई मला आजही पटवून देतात.

हळूहळू बोकड फळ्यावरून गेला. दोन कोंबड्या आल्या. मग दीड. मग अध्यक्षांना हुरूप चढला. ज्या दिवशी कचरा एका कोंबडीवर येईल त्या दिवशी ताईंचा सत्कार करायचा, पत्रकार बोलवायचे, असं त्यांनी जाहीर केलं. तारीख ठरली, हार सांगितला. दवाखान्यात सगळे या दिवसाला कोंबडी दिवस म्हणू लागले. त्या सकाळी मावशींपासून माझ्यापर्यंत आम्ही सगळे असे वावरत होतो जसं काही घरात कार्य आहे. साडेदहाला ताईंनी अंदाज सांगितला, "अर्धी कोंबडी हाय बगा. जमून जाईल."

पावणेअकराला एक जीप थेट पायऱ्यांपर्यंत आली. मागच्या बाकावर एक गवंडी, चाळिशीचा, रक्ताच्या उलट्या करत होता. त्याचं डोकं बायकोच्या मांडीवर, आणि तिचं लुगडं कमरेपासून पावलापर्यंत लाल. ती बायको ताईंना बघून ओरडली नाही की रडली नाही. नुसतं त्यांचं मनगट धरलं. जीप ताईंच्याच तांड्यावरची होती.

दारूनं यकृत आखडलं की अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात, आणि एखाद दिवशी फुटतात. मग माणसाकडं फार वेळ नसतो. आम्ही त्याला आत घेतलं, औषध सुरू केलं, श्वासाची वाट मोकळी ठेवली, रक्त मागवलं. ताईंनी कपाट उघडलं. ज्या बाईनं वर्षानुवर्षं एकेक हातमोजा राखला होता, ती दोन्ही हातांनी पाकिटं फाडत होती. गाऊन, नळ्या, चादरी, कापसाची बंडलं. पडलं की नवं, भिजलं की नवं. मधूनच वाकून त्याच्या कानात त्यांच्या गोरमाटी बोलीत काहीतरी म्हणत होत्या. मला शब्द कळत नव्हते, दटावणी कळत होती.

फुटलेल्या शिरेवर दुर्बिणीतून रबराची कडी बसवायची असते. पहिला संच रक्तात बुजला. दुसऱ्यानं एक शीर बांधली, दुसरी वाहतच राहिली. तिसऱ्या संचाच्या पाकिटाशी माझा हात अडखळला. सवय लागली होती ना. ताईंनी सरळ माझ्या हातावर चापट मारली.

"आता काहून आखडून राहिले? उघडा."

मी उघडला. तिसऱ्या संचाची दुसरी कडी बसली आणि पडद्यावरचा लाल रंग हळूहळू निवळत गेला, गढूळ नदी निवळावी तसा. आत गुलाबी दिसायला लागलं. ताईंनी रुग्णाच्या गालावर दोन बोटं ठेवली, तशीच ठेवून राहिल्या.

बाहेर अध्यक्ष आणि दोन पत्रकार हार घेऊन थांबले होते. अजून रक्त लागेल हे कळल्यावर अध्यक्षांनी हार खुर्चीवर ठेवला, इस्त्रीची बाही वर सारली आणि पत्रकारांना म्हणाले, "चला, बातमी नंतर." तिघंही रक्तपेढीत जाऊन आडवे झाले.

तीन वाजता ताईंनी नेहमीप्रमाणं पिशव्या तोलल्या. एकेक पिशवी दोघींनी मिळून काट्याला लटकवावी लागली. फळा पुसला आणि लिहिलं, 'आजचा कचरा: दोन बोकड. माणूस: एक, जिता.' दंडाला कापूस लावलेल्या एका पत्रकारानं विचारलं, "ताई, मग कोंबडी दिवसाचं काय?"

"करू की पुढच्या हप्त्यात," ताई म्हणाल्या. "कोंबडी कुठं पळून चालली?" आणि हसायला लागल्या. आधी हळू, मग हलून हलून. मग मावशी हसल्या, अध्यक्ष हसले, मला तर भिंत धरावी लागली. ती गवंड्याची बायको, रक्त वाळून कडक झालेलं लुगडं नेसलेली, पहिल्यांदा खाली बसली आणि तिलाही हसू आवरेना. ती का हसत होती हे तिलाही ठाऊक नसावं. हसता हसता ती रडली, तेव्हा ताईंनी तिला आत नेऊन स्वतःची साडी नेसवली.

ताई दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या आणि तांड्यावर राहायला गेल्या. निवृत्त झाल्या हे आपलं म्हणायचं. रोज सकाळी त्या पाचसात बायकांना घेऊन घरोघर फिरतात आणि ज्यांनी दारू सोडल्याची शपथ घेतलीय त्यांच्या तोंडाचा वास घेतात. मला फोनवर म्हणाल्या, "दवाखान्यातून कचरा कमी करत बसले इतकी वर्सं. हितं बसून दवाखान्यात माणूसच कमी धाडते." पाचजण सुटलेत, दोघं अजून मागच्या दारानं पळतात.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी मला एका साखरपुड्याला बोलावलं. कोणाचा, ते सांगितलं नाही, फक्त या म्हणाल्या. पुसेगावला उतरलो, पुढं चालत गेलो. भर दुपारी मांडवात हलगी वाजत होती, बायका गोल धरून नाचत होत्या, त्यात ताई मधोमध. मी सावली बघून बसलो. गुलाबी फेटा बांधलेला एक दणकट गडी जिलेबीची बादली घेऊन पंगतीत फिरत होता. माझ्यासमोर आला, पानात चार जिलेब्या टाकल्या आणि उभाच राहिला.

"ओळखलं का, सर?"

मी निरखून पाहिलं. नाकीडोळी नीटस, मिशा, गालावर उन्हाचं काळं. मला काही केल्या आठवेना. मी ओशाळून हसलो.

तेवढ्यात ताई नाचता नाचता तिथं पोचल्या, धापा टाकत, घामानं डबडबलेल्या.

"ते तुला कसं वळखतील?" त्या त्याला म्हणाल्या. "त्या दोन बोकडांच्या दिवशी त्यांनी तुला आतूनच बगितलाय. त्वांड उघड, मंग वळखतील."

आजूबाजूची सगळी पंगत थांबून बघायला लागली. नवरी मुलगीही मान वळवून बापाकडं बघत होती. त्या गड्यानं बादली खाली ठेवली, फेटा सावरला, उकिडवा बसला आणि माझ्यापुढं आ केला. मी खरंच वाकून आत बघितलं. गुलाबी जीभ होती, आणि तिच्यावर अर्धी चावलेली जिलेबी.